खेळ कोणत्या भाषेंत रचावा?

मनुष्यास आयुष्यांत जे प्रश्न पडतात त्यांत दोन जाती स्पष्ट दिसतात. कांहीं प्रश्न उत्तर मिळालें म्हणजे संपतात. कांहीं प्रश्न उत्तर मिळूं नये म्हणूनच विचारले जातात. दुसऱ्या जातीचा प्रश्न विचारणारास आपण तसें करीत आहों याची जाणीव बहुधा नसते. आणि ज्यास तो विचारला जातो तोहि, विशेषतः तो आमच्यासारखा पेशानें अध्यापक असला तर, उत्तर देण्याच्या भरांत ही गोष्ट विसरतो.

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं असा एक प्रश्न आमच्या दारीं आला. मोर्शी तालुक्यांतील एका संत्रा-बागाईतदाराचा मुलगा, आमच्या महाविद्यालयांतून नुकताच पदवीधर झालेला, सायंकाळीं वडिलांसह आमच्या घरीं आला. त्यास मोबाइलवर व संगणकावर खेळावयाचा एक खेळ रचावयाचा होता. कल्पना त्याच्या मनांत तयार होती: एक बाग, एक विहीर, मे महिन्याचे 31 दिवस, आणि विहिरीचें रोज आटत जाणारें पाणी. खेळणारानें रोज ठरवावयाचें कीं, आज कोणत्या झाडास पाणी द्यावयाचें आणि कोणतें झाड सोडावयाचें. कल्पना आम्हांस फार आवडली. परंतु हा खेळ संगणकाच्या कोणत्या भाषेंत लिहावा हें त्यास ठरवितां येईना. त्यानें चौघांस विचारलें. चौघांनीं चार भाषा सांगितल्या. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवितों व संगणकशास्त्रांत आम्हांस गति नाहीं, हें त्यास ठाऊक होतें. तरी तो म्हणाला, “सर, तुम्ही भाषेचेच प्राध्यापक आहांत, कोणती निवडावी तें नाहीं, तर निदान कशी निवडावी तेवढें तरी सांगा.” वडील इतका वेळ उगी बसले होते. ते एवढेंच बोलले: “सर, तीन म्हैने झाले, हा नुस्ता कोनती भाषा चांगली तेच पायत बसते. खेळ कुठी हाये, मले त दिसला नाई.”

आम्हीं दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली व या विषयावर मिळेल तें वाचलें. त्यांतून जें समजलें तें आमच्यासारख्याच अनभिज्ञ वाचकांसाठीं थोडक्यांत सांगतों.

यंत्रास मुळांत स्वतःच्या सूचनांवांचून दुसरें कांहीं कळत नाहीं. मनुष्य जें लिहितो तें त्या सूचनांत उतरवावें लागतें; आणि संगणकाच्या भाषांतील मुख्य भेद हा कीं, त्यांतील कांहीं यंत्राच्या जवळ उभ्या आहेत व कांहीं मनुष्याच्या. बेल प्रयोगशाळेंत ब्यार्ने स्ट्रौस्ट्रुप यांनीं 1979 सालीं जिचा पाया घातला व जी 1985 सालीं लोकांच्या हातीं आली, ती सी प्लस प्लस ही पहिल्या प्रकारची. तींत संगणकाच्या स्मृतींतील जागा मागून घेणें व काम झाल्यावर ती परत करणें हें लिहिणाराच्या हातीं असतें. त्यामुळें वेग मिळतो, आणि हिशेब चुकला तर सर्व डोलारा कोसळतो. खेळांत वेगाचें महत्त्व विशेष आहे. पडद्यावर सेकंदास 60 चित्रें दाखवावयाचीं तर एका चित्राच्या वांट्यास सुमारें 16.7 मिलिसेकंद येतात. तेवढ्या अवधींत खेळणाराचें बोट कोठें पडलें, काय कशावर आदळलें, पाणी किती उरलें, हें सर्व मोजून नवें चित्र उभें राहिलें पाहिजे. जावा (1995) व सी शार्प (2000) या भाषांत स्मृतीची झाडलोट करावयास एक नोकर ठेवलेला असतो. लिहिणारा निश्चिंत राहतो. पण हा नोकर ऐन पंगतींत झाडू घेऊन येण्याचा संभव असतो, आणि तेवढ्यापुरतें चित्र थबकतें. पायथॉन (1991) शिकावयास सोपी, पण चालीनें मंद. ब्राझीलमध्यें रिओ येथील एका विद्यापीठांत 1993 सालीं जन्मलेली लुआ अंगानें इतकी लहान कीं, ती दुसऱ्याच्या घरांत राहावयासाठींच घडविली आहे. कित्येक मोठ्या खेळांत भारवाही भाग सी प्लस प्लसमध्यें व पात्रांचें वागणें लुआमध्यें, अशा दोन भाषा एका छपराखालीं नांदतात. शिवाय चित्र, ध्वनि, टक्कर यांची तयार यंत्रणा, जिला इंजिन म्हणतात, ती आयती मिळते; आणि इंजिन ठरलें कीं भाषा बहुधा त्याच्यामागून येते.

आतां फळांकडे पाहूं. ‘रोलरकोस्टर टायकून’ (1999) हा खेळ क्रिस सॉयर यांनीं बहुतेक सगळा असेंब्लींत, म्हणजे यंत्राच्या अगदीं कानाशीं लागून, लिहिला. ‘माइनक्राफ्ट’ (2011) जावामध्यें लिहिला गेला. झाडलोटीच्या नोकराचा दोष असतांहि जगभरच्या मुलांनीं तो डोक्यावर घेतला. ‘स्टारड्यू व्हॅली’ (2016) हा शेतीचा खेळ एरिक बॅरोन या एकट्या मनुष्यानें सुमारें साडेचार वर्षें खपून सी शार्पमध्यें पुरा केला. टोबी फॉक्स यांचा ‘अंडरटेल’ (2015) हा ‘गेममेकर’ या नवशिक्यांस सोयीच्या साधनानें रचलेला आहे. ‘बलात्रो’ (2024) हा पत्त्यांचा खेळ लुआमध्यें आहे. आपल्याकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें 2020 सालीं ‘राजी’ हा खेळ काढला. हरवलेल्या धाकट्या भावास शोधीत निघालेली मुलगी ही त्याची नायिका. त्यासाठीं त्यांनीं सी प्लस प्लसवर उभारलेलें अनरियल हें इंजिन घेतलें. 2017 सालीं लोकवर्गणीनें पैसा उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. इंजिनाच्या निवडीनें तें संकट टळलें नाहीं, आणि संकट आलें म्हणून खेळ अडलाहि नाहीं. सहा खेळ, सहा साधनें. आणि यांपैकीं एकहि खेळतांना खेळणारा तो कोणत्या भाषेंत लिहिला आहे असें विचारीत नाहीं.

यावरून भाषा कोणतीहि चालते, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. दोन आठवड्यांनीं पितापुत्र पुन्हा आले तेव्हां आम्हीं तो बोलूनहि दाखविला. वडील हंसले. ते म्हणाले, “फय त संत्र्याचंच येते, सर, पन झाड कोनाच्या पायावर उभं हाये, हे इचारूच नये काय?” मोर्शी-वरुडकडच्या वाचकांस हें सांगावयास नको, पण इतरांसाठीं सांगतों कीं, बागेंतील संत्र्याचें झाड स्वतःच्या मुळांवर उभें नसतें. जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करतात. जमीन भारी आहे कीं हलकी, पाण्याचा निचरा होतो कीं तें मुळाशीं साचतें, डिंक्याचा उपद्रव कितपत आहे, हें पाहून खुंट ठरवावा लागतो. आणि निवड चुकली तर तें पांच-सहा वर्षांनीं, फळ हातीं यावयाच्या वेळीं, समजतें. खुंटाची चव फळास येत नाहीं. पण झाडाचें आयुष्य खुंटावर अवलंबून असतें.

या एका दृष्टान्तानें प्रश्नाचें स्वरूप पालटलें. ‘सर्वांत चांगला खुंट कोणता?’ असें कोणताहि शहाणा बागाईतदार विचारीत नाहीं. ‘माझ्या जमिनीस कोणता?’ असें विचारतो. मुलाची जमीन आम्हीं तपासली. लॅपटॉप जुना व दुबळा. काम करणारा एकटा. खेळ सपाट चित्रांचा, बारा झाडांचा, त्यांत धांवपळ नाहीं. सेकंदास 60 चित्रांची चिंता करून सी प्लस प्लसच्या वाटेस जावें असें या खेळांत कांहींच नव्हतें. चौघांच्या चार उत्तरांपैकीं कोणतेंच खोटें नव्हतें. प्रत्येकानें आपापल्या जमिनीचें उत्तर दिलें होतें.

येथपर्यंतचा प्रश्न व्यवहाराचा झाला. परंतु साधनाची निवड हा निव्वळ व्यवहाराचा प्रश्न नव्हे. आपण कोणासाठीं काम करतों व कोणाच्या अधीन राहून करतों, हे प्रश्न तींत दडलेले असतात.

पहिल्याचें उत्तर शोधावयास आम्हांस लांब जावें लागलें नाहीं. आमच्या तालुक्यांतच रिद्धपूर आहे. तेथें इ. स. 1278 च्या सुमारास म्हाइंभटांनीं श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी, ज्यांनीं त्या प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन व पडताळून, ‘लीळाचरित्रां’त ग्रथित केल्या, मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून त्याचा मान आहे. त्याच पंथाचे आचार्य नागदेव यांच्याविषयीं ‘स्मृतिस्थळां’त अशी आठवण आहे कीं, केशिराजबास या संस्कृतज्ञ शिष्यानें संस्कृतांत रचना करावयाचें मनांत आणिलें, तेव्हां आचार्यांनीं त्यास आवरलें, कारण तसें झालें तर पंथांतील म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानास मुकल्या असत्या. 2024 सालीं मराठी भाषा विद्यापीठाची स्थापना रिद्धपुरासच झाली, ही गोष्ट या परंपरेस शोभणारी आहे. आम्हांस येथें महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, संस्कृत श्रेष्ठ कीं मराठी, हा वाद नागदेवांनीं घातलाच नाहीं. त्यांनीं ‘कोणासाठीं?’ एवढेंच पाहिलें, आणि भाषा आपोआप ठरली.

हा दृष्टान्त संगणकाच्या भाषेस जसाच्या तसा लागू पडत नाहीं, हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. ग्रंथ वाचणारास ग्रंथाची भाषा भेटते. खेळणारास खेळाची संगणकभाषा कधींच भेटत नाहीं. शिवाय या सर्व भाषांतील आज्ञाशब्द इंग्रजीच आहेत. पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांत जन्मलेली लुआहि त्यास अपवाद नाहीं. मग नागदेवांच्या म्हाताऱ्या येथें कोठें आल्या? आमच्या मतें त्या दोन ठिकाणीं येतात. पहिलें ठिकाण म्हणजे खेळ खेळणाराशीं ज्या शब्दांत बोलतो ते शब्द. विहीर, आळें, ताण, बहार हे शब्द पडद्यावर मराठींत उमटले तर ज्या घरचें हें दुःख आहे त्या घरांत हा खेळ खेळला जाईल. आणि निवडलेल्या साधनांत देवनागरी अक्षर नीट उमटतें कीं नाहीं, हें पाहणें म्हणून गौण नव्हे. दुसरें ठिकाण म्हणजे हा खेळ उद्यां उघडून दुरुस्त करणारा मनुष्य. लिहिलेलें यंत्र पाळतें खरें, पण वाचतो तो मनुष्यच. आपल्या आसपास जी भाषा कोणी तरी वाचूं शकेल, किंवा चार महिन्यांत वाचावयास शिकूं शकेल, तींत लिहिणें हें पुढच्या मनुष्याविषयींचें आपलें कर्तव्य आहे.

दुसरा प्रश्न स्वाधीनतेचा. ‘फ्लॅश’ या साधनावर एका पिढीनें असंख्य लहान लहान खेळ रचले. 31 डिसेंबर 2020 रोजीं मालक कंपनीनें त्याचा आधार काढून घेतला, आणि ते खेळ ब्राउझरमध्यें मुके झाले. हौशी मंडळींनीं पुष्कळ जतन केले, ती गोष्ट वेगळी. 12 सप्टेंबर 2023 रोजीं ‘युनिटी’ या इंजिनाच्या मालकांनीं जाहीर केलें कीं, 1 जानेवारी 2024 पासून, कांहीं मर्यादेपलीकडे, खेळ जितक्या यंत्रांवर बसविला जाईल त्या मानानें रचणारानें शुल्क भरावें. ज्यांचे खेळ आधींच रचून झाले होते त्यांच्या कपाळींहि ही अट मागाहून आली. जगभर गिल्ला झाला, अटी सौम्य झाल्या, आणि बरोबर वर्षानें, 12 सप्टेंबर 2024 रोजीं, खेळांपुरतें तें शुल्क रद्द झालें. यांत सी शार्प या भाषेचा दोष तिळमात्र नव्हता. जमीन चांगली होती, पण ती दुसऱ्याच्या मालकीची होती. उलट, अर्जेंटिनांत जन्मलेलें ‘गोडॉ’ हें इंजिन 2014 सालीं सर्वांस खुलें झालें. त्याची मूळ संहिता कोणासहि घेतां व बदलतां येते, आणि त्यावर रचलेल्या खेळाचें देणें कोणास लागत नाहीं. अशीं खुलीं साधनें स्वयंसेवकांच्या श्रमावर चालतात व त्यांत उणीवा असतात, हेंहि खरें. पूर्ण स्वाधीन असा मनुष्य जगांत नाहीं. बागाईतदार पावसाच्या, व्यापाऱ्याच्या व विजेच्या अधीन असतोच. पण आपण कोणाच्या अधीन आहों हें ठाऊक असून पत्करलेली अधीनता आणि ठाऊक नसतां गळ्यांत पडलेली अधीनता यांत नैतिक दृष्ट्या मोठें अंतर आहे.

इतकें सांगून आम्हांस थांबतां आलें असतें. परंतु वडिलांचें ‘तीन म्हैने झाले’ हें वाक्य आमच्या मनांतून जाईना. कारण त्यांत आमच्या स्वतःच्या दोषावर बोट होतें.

28 वर्षांपूर्वीं आम्हीं ठरविलें होतें कीं, आमच्या मातोश्रींस येत असलेल्या जात्यावरच्या ओव्या लिहून घ्याव्या व त्यांवर एक विवेचक ग्रंथ लिहावा. आईस शेंकडों ओव्या येत असत. अडचण एवढीच होती कीं, ग्रंथ इंग्रजींत लिहावा कीं मराठींत. इंग्रजींत लिहिला तर विद्वान् वाचतील. मराठींत लिहिला तर ज्यांच्या त्या ओव्या त्यांना वाचतां येतील. या प्रश्नावर आम्हीं पुष्कळ वाचलें, स्नेह्यांशीं चर्चा केली, एका परिषदेंत निबंधहि वाचला. आई मधून मधून विचारी, “घेतोस का रे लिहून?” आम्ही म्हणत असूं, “आधीं भाषा ठरूं दे.” 12 वर्षांपूर्वीं आई गेली. आमच्याजवळ एक वही आहे. तींत 11 ओव्या आहेत.

आज विचार करितां असें दिसतें कीं, ओव्या उतरून घेण्यास त्या निर्णयाची मुळींच गरज नव्हती. त्या ज्या भाषेंत होत्या त्याच भाषेंत उतरल्या असत्या. निर्णय ग्रंथाचा होता. काम वहीचें होतें. आम्हीं ग्रंथाच्या प्रश्नाआड उभे राहून वहीचें काम टाळलें, आणि टाळतांना आपण फार विचारपूर्वक वागत आहों असें समाधानहि मानलें. आळसास आळस म्हणतां येतें म्हणून तो निदान लाजतो. विवेकाचा वेष घेतलेल्या आळसास लाज नसते. म्हाइंभट आठवणी गोळा करीत गांवोगांव हिंडले, कारण आठवण सांगणारीं माणसें अमर नसतात हें त्यांस कळत होतें. त्यांच्याच तालुक्यांत राहून आम्हांस तें कळलें नाहीं.

हें सर्व आम्हीं मुलास सांगितलें नाहीं. आम्हीं त्यास एवढेंच विचारलें, “तुझ्या खेळाचें वहीचें काम कोणतें?” तो बुचकळ्यांत पडला. तेव्हां आम्हीं त्यास मोक्षपटाची आठवण दिली. आजची सापशिडी ज्यापासून आली तो हा खेळ. परंपरा त्याचा संबंध ज्ञानेश्वरांशीं जोडते. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, आणि कवड्या. एवढ्यावर तो खेळ उभा होता, आणि कापडावर मांडतां येत होता. खेळ म्हणजे नियम. आणि नियम कोणत्याहि यंत्राच्या आधीं असतो.

मग आमच्या ओसरीवर खडूनें बारा झाडें काढलीं. पाण्याऐवजीं चिंचोके घेतले. मुलानें नियम सांगावा, आम्हीं खेळावें, असें ठरलें. आम्हीं अध्यापकी न्यायबुद्धीनें सर्व झाडांस सारखे सारखे चिंचोके वाटूं लागलों. वडिलांस राहवेना. “असं नाई, सर. साऱ्यायले अर्धं अर्धं पानी देल्लं, त सारेच जातीन.” मग त्यांनीं सांगितलें कीं, लहान कलम किती दिवस तग धरतें, मोठें झाड किती धरतें, आणि कोणतें झाड सोडावयाची वेळ आली हें पानावरून कसें ओळखावें. मुलगा भराभर लिहून घेत होता. तीन महिन्यांत त्याच्या खेळांत जें आलें नव्हतें तें त्या एका संध्याकाळीं आलें; आणि त्यास कोणतीच संगणकभाषा लागली नाहीं.

भाषा त्यानें दुसऱ्या दिवशीं ठरविली. गोडॉ इंजिन व त्याची स्वतःची, दिसण्यांत पायथॉनसारखी, भाषा त्यानें घेतली. कारणें त्याचीं त्यानेंच दिलीं: यंत्र दुबळें, खेळ लहान, मालक कोणी नाहीं, मराठी अक्षर पडद्यावर त्यानें उमटवून पाहिलें. हा खेळ पुरा होईपर्यंत दुसऱ्या भाषेकडे पाहावयाचें नाहीं, असें वडिलांसमोर कबूलहि केलें. आंबिया धरावयाचा कीं मृग, हें ठरवून त्याप्रमाणें बागेस ताण देणाऱ्या वडिलांस ही अट समजावून सांगावी लागली नाहीं; एकाच झाडावर दोन्ही बहार धरण्याचा हव्यास झाडास बाधतो, हें त्यांना ठाऊक होतें.

निवड चुकली तर? हा आक्षेप योग्य आहे. पण येथें खुंटाचा दृष्टान्त संपतो, आणि तो संपतो हें सुदैव आहे. चुकलेला खुंट झाडाखालून काढतां येत नाहीं. संगणकाच्या एका भाषेंत जो अट घालावयास, आवर्तन करावयास, हिशेब ठेवावयास शिकला, त्याचें तें ज्ञान दुसऱ्या भाषेंत बहुतांशीं बरोबर जातें. चुकलेल्या भाषेची किंमत कांहीं महिने. न निवडण्याच्या किमतीस मात्र मर्यादा नाहीं.

गेल्या मार्गशीर्षांत तो मुलगा खेळ घेऊन आला. चित्रें ओबडधोबड आहेत, ध्वनि नाहीं, आणि एकोणिसाव्या दिवशीं आमची बाग वाळली. कोणतें झाड आधीं सोडावयास हवें होतें याची चर्चा आम्ही बराच वेळ करीत होतों. तो गेल्यावर आम्हीं कपाटांतून ती वही काढली. शेजारच्या गल्लींत आईच्या वेळच्या एक बाई आहेत. वय 80 च्या पुढें, पण आवाज खणखणीत. आतां रविवारीं सकाळीं आम्ही त्यांच्याकडे जाऊन बसतों. वहींत सध्यां 46 ओव्या आहेत. ग्रंथ कोणत्या भाषेंत लिहावा, हें अद्याप ठरलेलें नाहीं.